घरची फुलबाग : हवा, ऊन आणि अंधार

मृगाचा पाऊस पडून गेला की रोपे विकणाऱ्यांकडे गर्दी उसळते. कुणी गुलाब घेतो, कुणी मोगरा, कुणी जास्वंद. काळ्या पिशवीतले टवटवीत रोप मोठ्या हौसेने घरी येते, कुंडीत बसते आणि मग त्याचे लाड सुरू होतात. सकाळी एक तांब्या पाणी, शाळेतून आल्यावर एक तांब्या, झोपण्यापूर्वी आठवण झाली म्हणून आणखी एक. असे तीन आठवडे गेले की खालची पाने पिवळी पडून गळू लागतात, शेंडा मान टाकतो. रोप सुकले असे वाटून आपण पाणी आणखी वाढवतो. महिनाअखेरीस कुंडीत उरते ती एक काळपट काडी. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, "तुझ्या हाताला गुणच नाही रे!"

मुलांनो, हाताला गुण असण्या-नसण्याचा येथे काही संबंध नाही. रोपाला कुणाचा हात ओळखता येत नाही. त्याला कळते ते एवढेच, की मुळांशी हवा आहे की नाही, पानांवर ऊन किती पडते आणि रात्र किती लांब आहे. यांतील तिसरी गोष्ट वाचून तुम्ही चमकला असाल. मीही चमकलो होतो. माझ्या पहिल्यावहिल्या बागेतल्या एका शेवंतीने ती मला शिकवली. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी आपल्याला कुंडी भरायची आहे.

कुंडीच्या पोटात

काचेचा पेला निम्मा होईल इतकी कोरडी माती त्यात भरा आणि वरून हळूहळू पाणी ओता. मातीतून बुडबुडे निघताना दिसतील. ही मातीत दडलेली हवा. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग घन कणांचा असतो. उरलेला निम्मा म्हणजे त्या कणांमधल्या पोकळ्या. त्यांपैकी काहींत पाणी असते, काहींत हवा.

ही हवा कशाला हवी? मुळे जिवंत असतात, म्हणून ती श्वसन करतात. पानांनी तयार करून खाली पाठवलेली साखर ती ऑक्सिजनच्या मदतीने जाळतात आणि त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर मातीतले क्षार आत ओढून घेतात. आता तुमचे तीन तांबे पाणी आठवा. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, हवा बाहेर गेली. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो खरा, पण हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने तो पाण्यातून पसरतो. मुळांनी जवळचा साठा संपवला की नवा वेळेवर पोहोचत नाही. मुळे गुदमरतात. त्यांच्यावरचे नाजूक मूलरोम मरतात, पाठोपाठ बुरशी येते आणि मुळे कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. म्हणजे रोप गळाभर पाण्यात उभे राहून तहानेने मरते! पाण्यावाचून सुकलेले रोप आणि पाण्याने गुदमरलेले रोप वरून सारखेच दिसते, म्हणून तर आपली फसगत होते.

"मग भात चिखलात कसा वाढतो?" असे तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारीलच. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेचे पोकळ मार्ग असतात. पानांकडची हवा त्यांतून थेट मुळांपर्यंत उतरते. गुलाबाला किंवा झेंडूला अशी सोय नाही.

तेव्हा कुंडीला तळाशी भोक हवेच. तेलाचा पत्र्याचा डबा किंवा फुटकी बादली घेतली तरी चालेल, पण खिळ्याने चार-पाच भोके पाडून घ्या. कडा हाताला लागू नयेत म्हणून हे काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करा. आता कित्येक पुस्तकांतून सांगितलेले असते, की तळाशी विटांच्या तुकड्यांचा चांगला जाड थर घालावा, म्हणजे निचरा होतो. मीही अनेक वर्षे तसे करत आलो. पण एक प्रयोग करून पाहा. भांडी घासायचा नवा, आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकेल आणि थोड्या वेळाने थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! नवीन पाणी तर आपण घातले नाही. मग हे आले कोठून?

स्पंजाच्या बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने अडकलेले असते. स्पंज उभा केला की पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते, तळाशी दाब वाढतो आणि केशाकर्षण हार खाते. कुंडीतली माती म्हणजे असाच एक स्पंज. तिच्या तळाशी थोडी माती नेहमीच पाण्याने गच्च राहते. खाली विटांचे तुकडे घातले तर मातीच्या बारीक छिद्रांतले पाणी त्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही; वरची माती गच्च होईपर्यंत ते तिथेच थांबते. म्हणजे विटांनी निचरा वाढला नाही, मातीची उंची मात्र कमी झाली आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ आला. म्हणून उथळ कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी, आणि भोकावर एक खापरी पालथी ठेवली, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, की काम झाले.

मातीचे म्हणाल तर देशावरची काळी माती एकटी वापरू नका. ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगांत कोवळी मुळे तुटतात. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण साधारणपणे जमते. शेणखत खरोखर कुजलेले हवे. ते हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता पावसाळी मातीचा वास आला पाहिजे. मिश्रण ओले करून मुठीत दाबा, लाडू करा आणि बोटाने टोचा. लाडू फुटला तर माती चांगली. नुसताच दबला तर वाळू वाढवा.

पाणी कधी घालायचे हे घड्याळाला विचारू नका. तर्जनी दोन पेरे मातीत खुपसा. आत ओलावा लागला तर आज पाणी नको. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घाला. लहान कुंडी असेल तर रोज उचलून पाहण्याची सवय लावा. आठवड्याभरात हातालाच कळू लागते, ओली कुंडी किती जड आणि तहानलेली किती हलकी ते. खाली ताटली ठेवत असाल तर तिच्यातले पाणी ओतून टाका. त्यात मुळे तर कुजतातच, शिवाय डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदासही होते.

खडूने आखलेले ऊन

आता कुंडी ठेवायची कोठे? यासाठी एक रविवार राखून ठेवा. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला गच्चीत, गॅलरीत किंवा अंगणात जेथे ऊन पडले असेल त्याच्या कडेने खडूने रेघ ओढा आणि वेळ लिहा. संध्याकाळी तुमच्यापुढे उन्हाचा नकाशा तयार असेल. जेथे सहा तास किंवा अधिक ऊन येते ती जागा झेंडू, शेवंती, सदाफुली, चिनी गुलाब यांची. तीन-चार तासांच्या जागेत तेरडा समाधानाने राहतो. त्याहून कमी असेल तर फुलांचा हट्ट सोडून शोभेच्या पानांची झाडे लावलेली बरी.

"पण आमच्या खोलीत भरपूर उजेड असतो!" असे म्हणू नका. डोळे येथे आपल्याला फसवतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. खिडकीपासून दूर, खोलीच्या आतल्या बाजूला पाचशे लक्सही नसतो. डोळ्याची बाहुली मोठी होते, मेंदूही सवय करून घेतो आणि दोन्ही ठिकाणी आपल्याला नीट दिसते. पानांना बाहुली नाही. जेवढा प्रकाश, तेवढीच साखर. आणि फूल हा झाडाचा खर्च आहे. पाने-मुळे यांचा संसार भागून शिल्लक उरली तरच तो होतो.

या नकाशाबद्दल एक गंमत सांगायला हवी. जूनमध्ये आखलेल्या रेघा डिसेंबरमध्ये जुळणार नाहीत. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो बराच उत्तरेकडून उगवतो नि मावळतो. उत्तरेकडच्या गॅलरीत तेव्हा तिरपे ऊन येते. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दुपारी दक्षिण क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो. आता दक्षिणेची गॅलरी उन्हाने न्हाऊन निघते आणि उत्तरेच्या गॅलरीत उन्हाचा कवडसाही नाही. म्हणून वर्षातून दोनदा खडू हातात घ्या आणि कुंड्या हलवा. कुंडीत बाग करण्याचा हाच तर फायदा.

काय लावावे?

पहिल्या वर्षी गुलाब नको, हे माझे स्पष्ट मत. तो रुबाबदार आहे, पण त्याला कीड फार आणि छाटणी नेमकी लागते. सुरुवात झेंडूने करा.

झेंडूचे बी विकत घेतले तरी चालेल, पण झाडावरच पूर्ण वाळलेले एखादे फूल मिळाले तर उत्तम. ते चोळले की काळ्या, सुईसारख्या बिया निघतात. त्यांच्या टोकाला फिकट झुपका असतो. ताजे तोडून तोरणात ओवलेल्या फुलांतल्या बऱ्याच बिया कच्च्या राहतात. त्या पोचट, पांढुरक्या दिसतात आणि उगवत नाहीत. वीस बिया मोजून पसरट भांड्यात पेरा, वर बोटाच्या नखाइतक्या जाडीची बारीक माती भुरभुरा आणि हलके शिंपण करा. चार ते सात दिवसांत कोंब दिसतील. किती उगवल्या ते वहीत लिहा. वीसपैकी पंधरा आल्या तर उगवणशक्ती ७५ टक्के झाली. दाट उगवलेली रोपे जमिनीलगत एकाएकी कोलमडू लागली, तर समजा की पाणी फार झाले आणि बुरशी आली.

बी पेरल्यापासून फूल येईपर्यंत झेंडूला साधारण दोन-अडीच महिने लागतात. यंदाचा दसरा कधी ते दिनदर्शिकेत पाहा आणि अडीच महिने मागे मोजा. तो तुमचा पेरणीचा दिवस. दसऱ्याचे तोरण आणि झेंडू यांची जोडी आपल्याला अनादी वाटते, पण झेंडूचे मूळ घर मेक्सिको. कोलंबस अमेरिकेला पोहोचला त्यानंतरच तो इकडे आला. बागेतली गुलबक्षीही अमेरिकेचीच आणि सदाफुली मादागास्करची. घरचा म्हणावा तर तेरडा!

झेंडूचे रोप वीतभर झाले की छाती घट्ट करून त्याचा शेंडा खुडा. नवखा माळी येथे हमखास कचरतो. पण शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होत असते. ते खाली उतरत असते तोवर पानांच्या बगलेतले कोंब झोपून राहतात. शेंडा गेला की ते जागे होतात. एका फांदीच्या जागी चार-सहा फांद्या, आणि प्रत्येकीला फुले. दोन रोपांपैकी एकाचा शेंडा खुडा, दुसऱ्याचा ठेवा आणि दोघांची फुले मोजा, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला नको.

फूल आले की त्यातले एक कामाला घ्या. मधोमध चिरून भिंगाखाली धरा. ज्याला आपण एक पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी एक बारीक दांडी दिसेल, तेच पुढे बी होते. म्हणजे ती पाकळी नव्हे, ते एक संपूर्ण छोटे फूल आहे! झेंडूचे 'फूल' म्हणजे अशा अनेक पुष्पकांचा गुच्छ. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. कडेची जिभेसारखी ती किरणपुष्पके आणि मधली नळीसारखी ती बिंबपुष्पके. सूर्यफूल आणि आपली शेवंती याच कुळातली.

तेरडा पावसाळ्यात फारशी काळजी न घेता येतो. गौरी बसतात त्या दिवसांत तो ऐन बहरात असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. पण एकेक फूल लवकर गळले तरी झाड अनेक आठवडे फुलत राहते. त्याच्या पिकलेल्या बोंडाला हलके बोट लावून पाहा. सालीच्या पट्ट्या झटकन गुंडाळतात आणि बिया उडतात. गुलबक्षी तर चारच्या सुमारास शाळा सुटताना उमलते आणि रात्रीच्या पतंगांची वाट पाहते. तिच्या काळ्या मिऱ्यांसारख्या बिया विषारी असतात, एवढे मात्र घरातल्या लहान भावंडांच्या बाबतीत लक्षात ठेवा.

न फुललेली शेवंती

माझ्या दहावीच्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस मी जवळच्या एका मळ्यातून शेवंतीच्या काश्या आणल्या. जुन्या झाडाच्या बुंध्याशी मातीतून जे कोंब फुटतात त्यांना माळी काश्या म्हणतात. त्यांपासूनच नवी झाडे करतात. एकाच झाडाच्या दोन काश्या, दोन सारख्या कुंड्या, एकच माती. एक कुंडी घरापुढच्या पडवीच्या कठड्याशी ठेवली, दुसरी परसात विहिरीजवळ. पडवीतल्या कुंडीवर माझे विशेष लक्ष होते. तिला ऊनही जास्त मिळे.

दिवाळी आली. परसातली शेवंती कळ्यांनी भरली आणि पुढे पिवळीजर्द फुलली. पडवीतली मात्र कमरेएवढी उंच, हिरवीगार आणि कोरी. एक कळी म्हणून नाही. शेजारचे काका म्हणाले, "खत जास्त झालं, नुसती पानं वाढली." ही शंका वाजवी होती, कारण नत्र फार झाले की असे होते. पण दोन्ही कुंड्यांना मी सारखेच शेणखत घातले होते. आजी म्हणाली, "दृष्ट लागली," आणि तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवंती ढिम्म! ऊन कमी पडले असेही म्हणता येईना. मार्गशीर्ष सरला, माझी आशाही सरली.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी ही तक्रार सांगितली. त्यांनी खत विचारले नाही, पाणी विचारले नाही. त्यांनी विचारले, "तू अभ्यासाला कोठे बसतोस?"

मी पडवीत बसत होतो. रोज रात्री बारापर्यंत. दिवा कुंडीच्या वर हातभर अंतरावर होता.

सरांनी मग जी हकीकत सांगितली ती अमेरिकेतल्या तंबाखूची होती. मेरीलँड भागात तंबाखूचा एक वाण उन्हाळ्यात दहा फुटांहून उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात ठेवला की तोच वाण लहानपणीच फुले. वाइटमन गार्नर आणि हॅरी ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी ऊब, पाणी, खत सारे बदलून पाहिले. उत्तर मिळाले नाही. शेवटी त्यांनी एक अंधारे खोपट बांधले. भर उन्हाळ्यात काही झाडे दुपार कलताच खोपटात ढकलायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढायची, असा खटाटोप त्यांनी केला. दिवस कृत्रिम रीतीने आखूड झालेली ती झाडे फुलली. बाहेरची फुलली नाहीत. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. दिवस-रात्रीच्या लांबीला मिळणाऱ्या वनस्पतींच्या या प्रतिसादाला मराठीत दीप्तिकालिता म्हणतात.

त्यावर १९३८ साली कार्ल हॅम्नर आणि जेम्स बॉनर यांनी आणखी एक धक्का दिला. शेळ्यांच्या अंगाला ज्याची काटेरी बोंडे चिकटतात त्या शंकेश्वरावर त्यांनी प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे उजेड केला, तर झाड फुलत नाही. उलट, दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला तर त्याचे काही बिघडत नाही. याचा अर्थ काय? झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते! आणि तीही सलग हवी. मध्ये उजेड झाला की मोजणी फुकट जाते.

शेवंती अशीच लांब रात्रीची भुकेली. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस सुमारे अकरा तासांचा. पावसाळा संपता संपता रात्री लांबू लागतात, शेवंतीला तिचा इशारा मिळतो आणि ती पाने सोडून कळ्यांच्या मागे लागते. किती लांब रात्र हवी ते मात्र वाणावाणांनुसार बदलते. माझ्या पडवीत रात्र सुरू व्हायची ती बारा वाजता. त्या शेवंतीच्या लेखी वर्षभर उन्हाळाच चालू होता!

हा उजेड झाडाचा कोणता भाग 'पाहतो', तेही शेवंतीवरच शोधले गेले. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान याने १९३६-३७ च्या सुमारास शेवंतीच्या शेंड्याकडची पाने काढून टाकली. मग खालच्या पानांना लांब रात्र आणि शेंड्याला आखूड रात्र दिली. झाड फुलले. उलट केले तर फुलले नाही. म्हणजे रात्र मोजतात पाने, आणि कळी धरते ती शेंड्याला. पानांतून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे. त्या निरोप्याला त्याने फ्लोरिजेन असे नाव दिले. तो कुणाला हाती लागेना. अखेर सत्तर वर्षांनी, २००७ साली, भात आणि दुसऱ्या एका लहानशा वनस्पतीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवले की तो एक छोटा प्रथिनाचा रेणू आहे. पानांत तयार होऊन तो अन्नवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत प्रवास करतो. उजेडाची चाहूल घेणारे पानांतले रंगद्रव्य त्याआधीच सापडले होते. त्याचे नाव फायटोक्रोम. ते विशेषतः तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देते, आणि आपल्या घरगुती दिव्यांत तांबडा प्रकाश असतोच.

चांदण्याने असे होत नाही, बरे का! पौर्णिमेचा उजेड एका लक्सच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो. जवळच्या दिव्याखाली मात्र सहज पन्नास लक्स भरतात. व्यापारी तत्त्वावर शेवंती करणारे बागाईतदार याच ज्ञानाचा उपयोग करतात. फुले उशिरा हवी असतील तर मध्यरात्री काही तास दिवे लावतात, लवकर हवी असतील तर संध्याकाळीच झाडांवर काळे कापड ओढतात. माझा अभ्यास म्हणजे नकळत केलेली तीच युक्ती होती.

जानेवारीच्या मध्यावर मी कुंडी परसात नेली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेंड्यांवर हिरव्या मण्यांसारख्या कळ्या दिसल्या. माझी परीक्षा सुरू झाली तेव्हा, मार्चमध्ये, सगळ्या गावातली शेवंती संपलेली असताना ती एकटी फुलली होती.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. एकाच झाडाच्या दोन काश्या लावा. सप्टेंबरच्या मध्यापासून एक कुंडी घरातल्या दिव्याजवळ, रात्री अकरापर्यंत उजेड मिळेल अशी ठेवा. दुसरी सूर्य मावळल्यावर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याखाली झाका आणि सकाळी सातला उघडा. खोके उन्हात झाकू नका, आत झाड उकडून जाईल. दिवसा दोन्ही कुंड्या एकाच उन्हात, एकाच मातीत, पाणीही सारखे. बदलायचा तो फक्त रात्रीचा अंधार. सहा-आठ आठवडे दर रविवारी दोन्हींची उंची आणि कळ्यांची संख्या वहीत लिहा. एखाद्या रात्री झाकायला विसरलात तर तेही लिहा, लपवू नका.

फुले संपली की झाड जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटा आणि कुंडी टाकून देऊ नका. उन्हाळ्यात बुंध्याशी नवे कोंब फुटतील. मुळांसकट ते अलगद सुटे करा. एक स्वतःला ठेवा आणि एक वर्गातल्या मित्राला द्या. त्याच्या गॅलरीत रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो, तेवढे मात्र आधी विचारून घ्या.